चंद्रभागेसोबत चाललेली कुबडी

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी कुबडी आहे, आणि मला त्याची लाज वाटत नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण माझं नाव लोक शिवीसारखं वापरतात. एखाद्याला स्वतःच्या हिमतीवर काही जमत नसलं, की म्हणतात, हा दुसऱ्याच्या कुबड्यांवर चालतो. अहो, पण चालतो ना? ज्याचा पाय मोडला आहे आणि ज्याच्याकडे कुबडी नाही, तो चालतच नाही. तो कोपऱ्यात बसून राहतो आणि घरचे त्याच्याभोवती उसासे टाकत फिरतात. मी आयुष्यभर अशा बसलेल्या माणसांना उठवलं आहे. तेव्हा मान खाली घालून मी काही बोलणार नाही.

माझा जन्म डिचोली तालुक्यातल्या नार्वे गावचा. बाबाजी मेस्तांनी मला शिवणीच्या लाकडातून घडवलं. शिवणीचं लाकूड वजनाला हलकं असतं आणि पावसाळ्यात फुगून वाकडं होत नाही. बाबाजींनी तोवर दारं केली होती, झोपायचे माच केले होते, देवळाच्या पालखीचा दांडाही केला होता. कुबडी मात्र कधी केली नव्हती. डिचोलीच्या आरोग्यकेंद्रातल्या डॉक्टरांनी मागितल्या म्हणून त्यांनी हे काम घेतलं. त्यांच्या बायकोला ते मुळीच आवडलं नाही.

"असली वस्तू घरात कित्याक करतात तुमी?" ती म्हणाली. "उद्या घरातल्याच कोणाक तरी लागतली."

बाबाजी रंधा मारत राहिले. "पालखेचो दांडो केलो तेव्हा तू हात जोडलेस," ते म्हणाले. "हीय माणसाक उचलपाचीच वस्तू. हात जोडूं नाका, पूण नावां तरी ठेवूं नाका."

आम्ही दोघी बहिणी एकाच फळीतून निघालो. वरच्या आडव्या दांड्यावर कापूस घालून जुन्या लुगड्याचं कापड शिवलं गेलं. मधे मूठ बसली. तळाला खाणीवरच्या ट्रकच्या फाटक्या टायरातून कापलेले रबराचे बूट ठोकले गेले, म्हणजे ओल्या फरशीवर पाय घसरू नये. अशा सजून आम्ही आरोग्यकेंद्रात गेलो आणि तिथल्या कपाटाशेजारी उभ्या राहिलो.

ते दिवस गोव्यात मोठ्या खळबळीचे होते. गोव्याला राज्याचा दर्जा मिळणार, मग राज्यभाषा कोंकणी की मराठी, यावरून घराघरांत वाद होते. आरोग्यकेंद्राच्या बाकावर खोकला दाखवायला आलेली माणसंसुद्धा डॉक्टर येईपर्यंत त्याच विषयावर भांडत. त्याच वर्षी, नाताळ जवळ आला असताना, चंद्रभागा आमच्याकडे आली.

चंद्रभागा बेळगाव जिल्ह्यातली. नवरा परशुराम आणि ती, दोघंही डिचोलीत बांधकामावर राबत. एका सरकारी इमारतीचा स्लॅब ओतला जात होता. बायका काँक्रीटची घमेली डोक्यावर घेऊन फळ्यांच्या चढणीवरून वर जात. फळ्या सिमेंटच्या पाण्याने बुळबुळीत झालेल्या. चंद्रभागेचा पाय घसरला, ती खाली आली आणि तिची नडगी मोडली.

तेव्हा मी तिथे नव्हते. पण पुढे ती हे इतक्यांदा सांगत असे, की मला ते पाहिल्यासारखं वाटतं. मुकादम गोकुळदास धावत आला. कुणीतरी तेल आणलं. गोकुळदास म्हणाला, "पाय धर, वडून सरळ करतां." चंद्रभागा वेदनेने पांढरी पडली होती, तरी तिने त्याच्याकडे रोखून पाहिलं.

"ह्या पायाला हात लावायचा न्हाई," ती म्हणाली. "दुसरा पाय अजून धड हाय माझा. लाथ बसंल."

मुकादम मागे सरकला. मग तिच्यासोबत काम करणाऱ्या जानकीने फळीचे दोन तुकडे पायाच्या दोन बाजूंना ठेवले, पदराच्या चिंध्या केल्या आणि पाय होता तसाच, न हलवता बांधला. मित्रांनो, तेच बरोबर होतं. मोडलेलं हाड चोळायचं नसतं आणि ओढायचंही नसतं. आतली टोकं धारदार असतात. ओढाताणीत ती मांस फाडतात, रक्तवाहिनी फाडतात.

आरोग्यकेंद्रात पायाचा एक्स-रे फोटो निघाला, हाड जागेवर बसवलं गेलं आणि मांडीपासून पावलापर्यंत प्लास्टर झालं. दोन दिवस तिला तिथेच ठेवण्याचा डॉक्टरांचा विचार होता. पण खाटा भरलेल्या होत्या, आणि घर जवळ होतं. तेव्हा नर्स सुविधाबाईंनी आम्हा दोघींना कपाटाशेजारून काढलं आणि तिच्या हातात दिलं.

"काखेत भार घालूं नको," सुविधाबाई म्हणाल्या. "काखेत शिरा असतात. त्या दबल्या तर हाताला मुंग्या येतात, बोटं लुळी पडतात. भार तळहातावर घे. मोडलेला पाय जमिनीला टेकायचा नाही. पायरी चढताना चांगला पाय आधी, उतरताना ह्या आधी."

"ह्या म्हंजे कोन?"

"कुबड्या गो."

चंद्रभागा पहिल्यांदाच हसली. सुविधाबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी प्लास्टरच्या टोकाला दिसणाऱ्या तिच्या बोटांना हात लावला.

"आता सगळ्यांत मोठी गोष्ट सांगते. पाय उशीवर उंच ठेव. लोंबता ठेवू नको. बोटं हलवत राहा. आणि ही बोटं गार पडली, निळी पडली, बधिर झाली, किंवा गोळी घेऊनही दुखणं वाढतच गेलं, तर सकाळची वाट बघू नको. लगेच इकडे ये. कोणीही काहीही सांगू दे."

परशुराम दारात उभा होता. त्याने मान डोलावली, पण माझ्या मते त्याने नीट ऐकलं नव्हतं. तो चार दिवसांचं काम बुडेल या काळजीत होता.

त्यांची खोली लहान. पहिल्या दिवशी जानकीने सिमेंटच्या रिकाम्या गोण्या घडी करून त्यांवर चंद्रभागेचा पाय ठेवला. दुसऱ्या दिवशी जानकी कामावर गेली. परशुरामला चुलीवरचं काही येत नव्हतं. चंद्रभागा भिंतीला टेकून बसली, पाय गोण्यांवरून खाली घेतला आणि तिने भाकऱ्या थापल्या. अर्धा दिवस पाय तसाच खाली राहिला. त्यानंतर ठणका सुरू झाला.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती उठली तेव्हा तिची बोटं वांग्याच्या सालीसारखी दिसत होती. तिने ती हलवायचा प्रयत्न केला. हलेनात. परशुरामने ती दाबून पाहिली. तिला त्याचा हात कळला नाही, पण पोटरीत अशी कळ उठली की तिने पदर दातांत धरला.

"हाड मोडलंय, दुखनारच की," परशुराम म्हणाला. "भाषेच्या भांडनापायी आज समदं बंद हाय. गाड्या न्हाईत. मुकादम म्हनतोय रस्त्यावर झाडं पाडल्यात. उद्या जाऊ."

खोल्यांच्या मालकिणीची म्हातारी सासू विमला दारातून डोकावली. तिने गरम तेल प्लास्टरच्या आत ओतायला सांगितलं. शेजारचा एकजण म्हणाला, डोंगरापलीकडे एक हाडवैद्य आहे, तो प्लास्टर फोडून पाला बांधतो. सगळे आपापल्या परीने भलंच सांगत होते. चंद्रभागा सगळ्यांचं ऐकत होती आणि डोळे बोटांवर लावून बसली होती.

मग तिने आमच्याकडे हात पुढे केला.

"काय करतीस?" परशुराम म्हणाला.

"दवाखान्याला निघाले."

"अगं, रस्ता बंद हाय म्हनून सांगितलं न्हवं?"

"तुमी येनार असाल तर या," ती म्हणाली. "न्हाईतर हितंच बसा. त्या बाईनं सांगितलंय, वाट बगायची न्हाई. पाय माझा हाय. गेला तर तुमाला दुसरा आनून देता येनार न्हाई."

आणि ती निघाली. आरोग्यकेंद्र फार लांब नव्हतं. धड माणूस विडी संपेपर्यंत पोचेल. पण आम्हा दोघींवर, एक पाय हवेत धरून, ते लांब होतं. तिच्या तळहातांना फोड आले. घाम माझ्या मुठीवरून खाली ओघळत होता. दर थोड्या अंतरावर ती थांबे, बोटांकडे पाही आणि पुन्हा निघे. परशुराम मागून येत होता. त्याने पहिल्यांदा तिला धरायचा प्रयत्न केला, पण तिचा तोल जाऊ लागला. मग तो नुसताच हात पसरून तिच्या बाजूने चालत राहिला.

वळणावर जांभळाचं मोठं झाड रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत आडवं पाडलेलं होतं. त्याच्यापुढे माणसं उभी होती. ती कोणत्या भाषेच्या बाजूची होती, हे मी सांगणार नाही. झाड दोन्हीकडून आडवंच असतं.

"खंय चल्लीस गो?" त्यांच्यातला एक उंच गडी म्हणाला. त्याला सगळे धाकू म्हणत होते.

"दवाखान्याला."

"आज रस्तो बंद. फाल्यां यो," म्हणजे उद्या ये, असं त्याने सांगितलं.

"रस्ता गाडीला बंद असंल," चंद्रभागा म्हणाली. "मी काय गाडी हाय?"

मागून एक तरुण पुढे आला. घोषणा देऊन देऊन त्याचा आवाज बसला होता. "तू कोणाच्या बाजूची?" त्याने विचारलं. "मराठीच्या की कोंकणीच्या? तें आदी सांग."

चंद्रभागेने आम्हा दोघींवर भार टाकला आणि प्लास्टरमधला पाय त्याच्यासमोर धरला.

"ही बोटं बग," ती म्हणाली. "ही कंच्या भाषेत निळी पडल्यात त्ये तू सांग. मग मी सांगते कुनाच्या बाजूची त्ये."

धाकू खाली वाकला. त्याने आपल्या जाड बोटाने तिच्या अंगठ्याला हात लावला आणि लगेच काढला.

"थंडगार आसा," तो म्हणाला. "वाट करा रे."

वाट करणं इतकं सोपं नव्हतं. झाडाच्या फांद्या एकमेकींत अडकल्या होत्या. दोन कोयते आले, काही फांद्या तोडल्या गेल्या. तिला उचलतो म्हणाले, पण प्लास्टर जड, पाय हलला की तिला असह्य होई. ती म्हणाली, तुम्ही फक्त आजूबाजूला उभे राहा. मग बुंध्याचा जिथे उतार होता तिथे तिने आधी धड पाय ठेवला आणि मग आम्हाला वर घेतलं. माझी बहीण दोन फांद्यांच्या बेचक्यात रुतली. चंद्रभागेचा सगळा भार तिच्यावर होता. कट्‌ असा आवाज झाला आणि ती मुठीच्या खाली तुटली.

चंद्रभागा पडली नाही. धाकूने तिला आपल्या छातीवर झेललं. पण माझी बहीण तिथेच राहिली. मला तिचं दुःख आहे, मित्रांनो. तरी मी अभिमानाने सांगते, की ती कपाटामागे कुजून संपली नाही. चालता चालता संपली.

पलीकडच्या दुकानातून कुणीतरी लाकडी खुर्ची आणली. ज्यांनी झाड पाडलं होतं, त्यांच्यातल्याच चौघांनी चंद्रभागेला खुर्चीत बसवलं, पाय फळीवर आडवा ठेवला आणि खुर्ची उचलली. आवाज बसलेला तो तरुणही त्या चौघांत होता. परशुराम मला छातीशी धरून मागून चालत होता.

डॉक्टरांनी बोटं पाहिली आणि लगेच कात्री, करवत मागवली. प्लास्टर वरपासून खालपर्यंत दोन्ही बाजूंनी चिरलं. आतला कापूसही चिरला. पोटरी दगडासारखी टणक झाली होती. मित्रांनो, यात कुणाची चूक नव्हती. हाड मोडलं की पाय सुजतो, आणि पहिले दोन-तीन दिवस सूज वाढत जाते. प्लास्टर काही कापड नव्हे, ते ताणलं जात नाही. मग सूज आतल्या आत दाबते, रक्ताची वाट बंद होते आणि पाय गुदमरतो. त्यासाठीच पाय उंच ठेवायचा असतो. त्यासाठीच बोटं बघत राहायचं असतं.

सगळे तिच्या पायाकडे पाहत उभे होते. बराच वेळ काही झालं नाही. मग अंगठ्याच्या कडेला फिका गुलाबी रंग आला. तो हळूहळू पसरला. सुविधाबाईंनी विचारलं, "हात लावते तो कळतो?" चंद्रभागेने होकाराची मान हलवली आणि मग ती रडली. तोवर ती रडली नव्हती.

डॉक्टर परशुरामकडे वळले. "उद्यावर टाकलं असतं तर हा पाय राहिला असता की नाही, मला सांगता आलं नसतं," ते म्हणाले.

परशुरामने मला भिंतीला टेकवलं आणि तो बाहेर जाऊन पायरीवर बसला. त्या दिवसापासून तो रोज सकाळी कामावर जाण्याआधी तिची बोटं बघू लागला. भाकरीसुद्धा शिकला. ती जाड व्हायची, कडेला कच्ची राहायची, पण चंद्रभागा ती पाय गोण्यांवर ठेवून खात असे.

सूज उतरल्यावर नवं प्लास्टर झालं. बाबाजींनी माझ्यासाठी नवी जोडीदारीण करून पाठवली. पुढचे दिवस खाजेचे. प्लास्टरच्या आत इतकी खाज सुटे, की चंद्रभागा बांबूची काडी आत घालू पाहत होती. सुविधाबाई नेमक्या तेव्हा आल्या आणि त्यांनी काडी मोडून बाहेर फेकली. आत ओरखडा उठला, तो चिघळला, तर बाहेरून कुणाला दिसायचं नाही, असं त्यांनी सांगितलं. चंद्रभागेने मग चिडून प्लास्टरवर बाहेरूनच थापट्या मारल्या.

प्लास्टर निघालं तेव्हा आतला पाय पाहून ती घाबरली. बारीक, कोरडा, गुडघा वाकत नव्हता. ती म्हणाली, हा माझा पाय नव्हे. डॉक्टरांनी समजावलं, की हाड जुळलं आहे, पण स्नायू झोपलेत; त्यांना रोज जागवावं लागेल. ती रोज दारात बसून गुडघा वाकवी आणि शिव्या घाली. शिव्या गुडघ्याला होत्या, असं ती म्हणे. मला खात्री नाही. हळूहळू दोन कुबड्यांची एक झाली. ती एक मी.

एका हातात मला धरून ती पुन्हा बांधकामावर गेली. वरच्या मजल्याचा स्लॅब सुरू होता. तीच चढण, त्याच ओल्या फळ्या, आणि त्यांवरून घमेली घेऊन चढणारी जानकी. चंद्रभागा चढणीच्या पायथ्याशी उभी राहिली आणि तिने मला फळीवर आडवं ठेवलं.

"अगो, वाट सोड," गोकुळदास म्हणाला. "तू आता लंगडी. तुजें हांगा काम ना. गावाक वच."

"लंगडी हाय म्हनूनच आले," ती म्हणाली. "ह्या फळ्यांवर आडव्या पट्ट्या ठोका. पायाला अडकन पायजे. बाजूला धरायला बांबू बांधा. तवर कुनी वर जानार न्हाई."

"कोण ऐकता तुजें?"

चंद्रभागेने लुगडं घोट्याच्या वर घेतलं आणि आपला बारीक झालेला पाय सगळ्यांना दिसेल असा पुढे ठेवला. जानकीने तो पाहिला. तिने डोक्यावरचं घमेलं खाली उतरवलं. तिच्या मागच्या बाईने उतरवलं. मग सगळ्यांनी. काँक्रीट वाळायला लागलं. गोकुळदास एकदा त्या काँक्रीटकडे बघे, एकदा बायकांकडे. शेवटी त्याने सुताराला हाक मारली.

पट्ट्या ठोकल्या जाईपर्यंत चंद्रभागा तिथून हलली नाही. मीही नाही. माझ्या आयुष्यातला तो सर्वांत चांगला दिवस होता.

मे महिन्याच्या अखेरीस गोवा राज्य झालं. त्याच आठवड्यात चंद्रभागा मला परत द्यायला आरोग्यकेंद्रात आली. तिने मला घासून धुतलं होतं, तेल लावलं होतं. ती अजून थोडी लंगडत होती, पण स्वतःच्या पायांनी आली होती. सुविधाबाईंनी तिच्या तोंडात पेढा घातला आणि मला कपाटाशेजारी उभं केलं.

त्यानंतर मी पुष्कळ माणसांसोबत चालले. नारळ काढताना माडावरून पडलेला पाडेली, शिरगावच्या खाणीवरचा ड्रायव्हर, विहिरीवर पाय मुरगळलेली नवी सून. काहींनी माझे आभार मानले. काहींनी मला दाराबाहेर ठेवलं, कारण घरात कुबडी म्हणजे अपशकुन. माझी नवी जोडीदारीण एका घरी गेली ती परत आलीच नाही. त्यांना ती द्यायची नव्हती असं नाही. त्यांना पुन्हा तिच्याकडे बघायचंही नव्हतं, म्हणून ती तिथेच अडगळीत पडून राहिली. पुढे ॲल्युमिनियमच्या चकचकीत कुबड्या आल्या, उंची कमी-जास्त होणाऱ्या. त्या चांगल्या आहेत, मी नाही म्हणत नाही. मला सामानाच्या खोलीत टाकलं गेलं. वाळवीने माझा तळ चाखला. कुणीतरी मला लावून खिडकी उघडी ठेवली. कित्येक वर्षं मी वारा येऊ दिला, एवढंच माझं काम.

मित्रांनो, माझी कीव करू नका. कीव करायची तर त्या माणसाची करा, जो लाजेपोटी घरात बसून राहतो आणि ज्याचा गुडघा कायमचा आखडतो. तुमच्या घरात कुणाला प्लास्टर लागलं, तर त्याची बोटं रोज बघा. गार, निळी, बधिर दिसली तर उठा, आणि कुणी उद्या म्हणालं तर त्याचं ऐकू नका. काम झालं की कुबडी परत करा. तिची वाट बघणारं कुणीतरी बाकावर बसलेलं असतं.

काल ॲल्युमिनियमच्या सगळ्या कुबड्या बाहेर गेल्या होत्या. आताच्या नर्सबाई साक्षी यांनी मला खिडकीतून काढलं, पुसलं आणि तळाला नवं रबर बसवलं. आज सकाळी दीपक नावाचा एक मोटारसायकलवाला आला. प्लास्टर नुकतंच निघालेलं. मला पाहून त्याने तोंड वाकडं केलं.

"लाकडाची?" तो म्हणाला. "लोक हासतले."

"हासूं देत," साक्षीबाई म्हणाल्या. "तू चल."

त्याने मला हातात घेतलं आहे. त्याचा तळहात घामेजलेला आहे आणि तो माझ्यावर अजून पुरता भार टाकायला तयार नाही. समोर आरोग्यकेंद्राच्या पायऱ्या आहेत, खाली रस्त्यावर ऊन आहे, आणि दोन माणसं खरंच आमच्याकडे बघत उभी आहेत. बघू देत. आम्ही उतरतो आहोत.